बातम्या डिकीत येतात

दि. ३ फेब्रुवारी

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी आधी सांगून टाकते, नाहीतर आई पत्राच्या शेवटाकडे उडी मारेल आणि बाबा पाकिटावरचा शिक्काच तपासत बसतील. मला रेडिओ स्टेशनात काम मिळालं! गाणी लावायचं नव्हे, बोलायचं. सकाळी आठच्या बारीकसारीक बातम्या वाचायच्या: कुठे पाणी येणार नाही, कुठला रस्ता खोदलाय, कुणाची छत्री हरवली, कुणाला कुणाचा कुत्रा सापडला. पहिलं वाचन दोन मार्चला आहे.

स्टेशन म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, त्यामुळे आत शिरलं की आपण उभ्यानं झोपायला आलोय असं वाटतं. आमचे साहेब दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळतात. त्यांनी मला स्पष्टच सांगितलं की या बातम्या कुणी ऐकत असेल यावर त्यांचा विश्वास नाही, कारण आजवर एकाही श्रोत्याचं पत्र आलेलं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक तरी पत्र आलं तर बातम्या राहतील आणि मीही राहीन. नाही आलं तर त्या वेळेत जाहिराती लागतील आणि मी घरी येईन.

खरं सांगू का, मला पत्रापेक्षा माईकची जास्त भीती वाटते. समोर माणूसच नसतो. तालमीत मी एका गादीच्या शिवणीकडे बघून वाचत होते, आणि मधेच वाटलं, मी बोलतेय कुणाशी? आई, त्या दिवशी तू ऐकशील ना? तू ऐकत्येस एवढं माहीत असलं की मला बाकी कुणी नको. तुमच्यापर्यंत आमचं स्टेशन जेमतेम पोचतं, पण स्वयंपाकघरातल्या रेडिओवर लागतं हे मला माहीत आहे. बाबा, तुम्ही फक्त त्या रेडिओला हात लावू नका.

लोभ जसा आहे तसाच असू द्या, उघडून दुरुस्त करायला जाऊ नका.

तुमची
ठकू


दि. ९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुमच्याकडच्या पोस्टाचा शिक्का अर्धाच उमटलाय, त्याबद्दल त्यांना वेगळं लिहिलं आहे. नोकरीबद्दल अभिनंदन. तुझी आई दोनदा रडली, एकदा आनंदानं आणि एकदा मी पुरे म्हटलं म्हणून.

तुझा आवाज त्या स्वयंपाकघरातल्या डबड्यातून ऐकणं मला पटत नाही. त्यात सगळे स्वर एकाच भोकातून, एकमेकांना कोपर मारत बाहेर पडतात. मी गाडीत नवी व्यवस्था करतोय. डॅशबोर्डवर दोन ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर. मागच्या सीटच्या पाठीमागे दोन वूफर, म्हणजे जाड आवाजाचे मोठे. आणि सीटखाली क्रॉसओव्हर नावाची पेटी.

ही पेटी काय करते ते गाडीत स्पीकर बसवणाऱ्या माणसानं मला बराच वेळ समजावलं. सगळे त्याला भोंगेवाला म्हणतात. मला ते पहिल्याच वाक्यात कळलं होतं, पण त्याला थांबवता येईना. अगं, हे तर आमचं टपालाच्या छाननीचं टेबल! रेडिओतून सगळं टपाल एकाच पोत्यात येतं, ढोल, बासरी, बाई, बुवा. पेटी ते पोतं उघडते, जाड टपाल मागे पाठवते, बारीक टपाल पुढे. जाड स्वर चुकून ट्वीटरकडे गेला तर तो बिचारा जळून जातो, आणि बारीक स्वर वूफरकडे गेला तर घोंगडीत गुंडाळल्यासारखा ऐकू येतो. जन्मभर मी दुसरं काय केलं? फक्त पत्रं गात नव्हती, एवढाच फरक.

एका मुद्द्यावर मात्र भोंगेवाल्याचं आणि माझं वाजलं. पेटीला फिरवायची दोन बटणं आहेत. एकानं जाड टपालाची हद्द ठरते, दुसऱ्यानं बारीक टपालाची. तो म्हणतो, दोन्ही हद्दी एकमेकींना भिडू द्या, हद्दीवरचे स्वर थोडे पुढे जातील, थोडे मागे जातील, आणि कानात एक होतील. एकच पत्र दोन घरी? मी त्याला सांगितलं की असला बेशिस्तपणा आमच्या खात्यात एकदाही झालेला नाही. मी दोन्ही बटणं एकमेकांपासून चांगली लांब फिरवून ठेवली आहेत. जाड ते जाड, बारीक ते बारीक, आणि मधे मोकळं मैदान. भांडणाला जागाच नको.

लोभ आहे, आणि तो पूर्ण पत्त्यासह पाठवला आहे.

तुझा
बाबा


दि. १४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचं पत्र मिळालंच असेल. त्यांनी ज्या गोष्टी लिहिल्या नाहीत तेवढ्याच मी लिहिते, म्हणजे जवळजवळ सगळ्या.

स्वयंपाकघरातला रेडिओ गेला. त्यांनी तो तपासणीसाठी म्हणून उघडला आणि त्याचं पोट माझ्या परातीत काढून ठेवलंय. कणीक कशात मळू असं विचारलं तर म्हणाले, रेडिओत मळ, रिकामाच आहे.

काल मला गाडीतून फिरवून आणलं. मी मागेच बसते हे तुला ठाऊक आहे. पुढे बसून मी आजवर हवेत इतके ब्रेक दाबलेत की आता पायात त्राण नाही. त्यांनी गाणं लावलं. माझ्या पाठीत ढोलाचे गुद्दे बसायला लागले, पुढे त्यांच्या नाकासमोर झांजा किणकिणायला लागल्या, आणि गाणाऱ्याचा पत्ता नाही! गाणं सुरू झालं, रंगात आलं, संपलं, पण गाणारा काही आलाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, बघ कसं स्वच्छ झालंय. मग बातम्या लावल्या. त्यात तर पुढून नुसतं स्स आणि त्त, मागून अधूनमधून घुम्म. मंत्री बोलत होते म्हणे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता हे छाननीचं वेड घरातही शिरलंय. जाड आवाजाच्या माणसांनी मागच्या दारानं यायचं, बारीक आवाजाच्यांनी पुढच्या. दूधवाला मागून येतो, शेजारणीची सून पुढून. समोरच्या शिवणकामवाल्या बाई परवा माझा ब्लाऊज घेऊन आल्या, तर त्यांना फाटकाशीच उभं केलं. त्यांचा आवाज ना जाड ना बारीक. ह्यांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं की तुमचं प्रकरण विचाराधीन आहे. बाई ब्लाऊज फाटकावर टाकून निघून गेल्या.

हसू येतं गं, पण काळजीही वाटते. तुझा आवाजही तसाच आहे, ना जाड ना बारीक. सगळी माणसं मधेच बोलतात, ठकू, आणि तेवढंच मधलं यांनी कापून टाकलंय. दोन तारखेला तू बोलशील आणि मी मागच्या सीटवर गुद्दे खात बसेन. मला तुझा आवाज ऐकायचाय. मी बोलून थकले, आता तूच काहीतरी लिही त्यांना.

माया आहेच, ती काही या पेटीतून जात नाही.

तुझी
आई


दि. १८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पेटीचं कौतुक वाटलं. रागावणार नसाल तर एक विनंती आहे. रागावणार असाल तरी आहेच.

आमच्या स्टेशनातल्या यंत्रं सांभाळणाऱ्या बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या की माणसाचा आवाज बराचसा मधल्या स्वरांतच असतो. तुमचं ते मोकळं मैदान आहे ना, तिथेच आम्ही सगळे राहतो! उपाय अगदी सोपा आहे. जाड टपालाचं बटण थोडं वर न्या, बारीक टपालाचं थोडं खाली आणा, दोन्ही भिडली की झालं. हद्दीवरचे स्वर दोन्हीकडे वाजतात ही चूक नाही. पेटी काही भिंत घालत नाही, ती उतार ठेवते. एक स्पीकर हळूहळू गप्प होतो तसतसा दुसरा बोलायला लागतो.

बाबा, मी गंमत करत नाही. तालमीत काल पुन्हा मी पहिल्याच ओळीला अडले. गादीकडे बघून मला बोलता येत नाही. मी मनाशी म्हणते की आई ऐकत्येय, आणि मग मला तुमची गाडी दिसते आणि तीत माझा आवाज कुठेच नसतो. दोन तारखेला आईला माझा आवाज ऐकू आला पाहिजे. बाकी तुम्ही गाडीचं काहीही करा.

एवढी एक ओढ पुरवा, बाकीचा लोभ मी हप्त्याहप्त्यानं मागेन.

तुमची
ठकू


दि. २३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं म्हणणं लक्षात घेतलं. तू सांगतेस तशी बटणं भिडवली तर काय होईल याचा मी शांतपणे विचार केला. तुझा आवाज अर्धा डॅशबोर्डवर येईल आणि अर्धा मागच्या सीटवर. माझी मुलगी दोन तुकड्यांत पोचलेली मला चालणार नाही. भोंगेवाला काय वाटेल ते म्हणो.

पण तुझी अडचण खरी आहे, आणि ती मी आमच्याच पद्धतीनं सोडवली. ज्या टपालाला खण सापडत नाही ते आम्ही फेकून देत नसू. त्याला वेगळी खोली असायची. तशी मी पेटीला तिसरी वाट काढली. जे जाड नाही आणि बारीक नाही ते सगळं, एक स्वरही न सांडता, एका तिसऱ्या स्पीकरकडे जातं. स्पीकर स्वयंपाकघरातल्या रेडिओचाच घेतला, नाहीतरी तो परातीत पडून होता. वायरींना डाख लावताना अंगठा भाजला, पण काम पक्कं झालं. प्रश्न जागेचा होता. पुढे ट्वीटर, मागे वूफर. मग उरली डिकी.

त्यामुळे आता गायक, निवेदक, मंत्री आणि दोन तारखेपासून तू, सगळे डिकीत येता. अखंड येता. आवाज किती स्वच्छ आहे याचा दाखला देतो. परवा चौकात एका पोलिसानं गाडी थांबवली. रेडिओवर विरहाचं गाणं लागलं होतं आणि डिकीत एक माणूस मला असं एकट्याला टाकून जाऊ नका म्हणून काकुळतीनं विनवत होता. पोलिसानं मला हात वर करायला लावले आणि डिकी उघडली. आत स्पीकर, स्टेपनी आणि जुनी चादर. मी त्याला क्रॉसओव्हर समजावून सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग डॉक्टरचं नाव सुचवलं.

तुझ्या आईची सोयही केली आहे. दोन तारखेला ती डिकीत बसेल. उशी ठेवली आहे. झाकणाला काठीचा टेकू देऊ, म्हणजे हवा येईल. तिनं आधी नकार दिला, मग उशी बदलून मागितली. ती तयार आहे असा मी अर्थ काढला.

लोभाची छाननी करू नये, आहे तसा घ्यावा.

तुझा
बाबा


दि. २ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आत्ताच कार्यक्रम संपला.

साडेसातलाच आम्ही जागेवर होतो. मी पुढे, तुझी आई डिकीत, चष्मा लावून. ऐकायला चष्मा कशाला असं मी विचारलं नाही. आठला तुमची धून वाजली. जाड भाग मागे, बारीक भाग पुढे, एकही स्वर चुकला नाही. मग तुझी वेळ झाली आणि डिकीत काहीच आलं नाही. आईनं आतून ओरडून विचारलं. मी म्हटलं, टपाल वाटेत असेल, आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

तेव्हा माझ्या समोरच्या ट्वीटरमधून तुझा श्वास ऐकू आला. नुसता श्वास, आत आणि बाहेर. मी लगेच ओळखला. लहानपणी तू तलावाच्या काठावर उभी राहून उडी मारायच्या आधी असाच घ्यायचीस, उडी मात्र मारायची नाहीस. मी आईला हाक मारली. ती डिकीतून उतरून मागच्या सीटवर आली आणि तिनं वूफरवर हात ठेवला. तिथे ठक, ठक, ठक असं काहीतरी लागत होतं. ती म्हणाली, हा तिचा गुडघा, टेबलाला लागतोय. पाहुण्यांसमोर कविता म्हणताना असाच हलायचा. त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत मी ट्वीटरला कान लावून होतो आणि तिनं वूफरवरचा हात काढला नाही.

तुझे शब्द कुठल्या खणात गेले ते मी आता शोधतोय. डिकीची वायर तपासली, ती घट्ट आहे. तरी काही हरवलं असेल तर चूक माझ्या पेटीची आहे, तुझी नाही, हे साहेबांनाही सांग. स्टेशनाचं वेगळं पत्र याच टपालानं टाकतोय. त्यात खरं तेच लिहिलं: निवेदिकेचा श्वास अतिशय स्पष्ट, गुडघा थोडा घाबरलेला पण तालात, ऐकून आम्हा उभयतांना फार आनंद झाला.

आज लोभ थोडा जास्त आहे. जादा तिकीट लावलं आहे.

तुझा
बाबा

ता. क. ठकू, तू नक्की काय वाचलंस ते मला लिहून पाठव गं. मी सगळीकडे बसून पाहिलं, पण मला नाही ऐकू आलं. — आई


दि. ६ मार्च

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमची पेटी निर्दोष आहे. डिकीत काही आलं नाही, कारण मी काही पाठवलंच नाही. लाल दिवा लागला, कागद समोर होता, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बातम्यांचा सगळा वेळ मी नुसती बसून होते. छत्री हरवली ती हरवलीच आणि कुत्रा कुणाचा ते कुणालाच कळलं नाही.

साहेबांनी मला ओरडा दिला नाही, ते जास्त लागलं. ते म्हणाले, एकाही माणसाची तक्रार आली नाही, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर होता, कुणी ऐकतच नाही. त्यांनी जाहिरातवाल्यांना बोलावून घेतलं. ते आत बसले असतानाच तुमचं पत्र आलं. साहेबांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग गोळी थुंकून पुन्हा वाचलं. शेवटी मला विचारलं की माझा गुडघा खरंच टेबलाला लागत होता का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, मी शेजारच्या खोलीत होतो आणि मला ते कळलं नाही, आणि इतक्या दूर कुणीतरी ऐकलं! आडनाव एकच आहे हेही त्यांच्या लक्षात आलं. पण श्रोता नातेवाईक नसावा असा नियम त्यांनी केलेला नव्हता, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला. जाहिरातवाल्यांना चहा पाजून परत पाठवलं. सोमवारी मी पुन्हा बसणार आहे.

ते पत्र मलाही वाचायला दिलं. मी ते जिन्यात बसून वाचलं आणि पोटभर रडले. मला वाटत होतं की मी भिंतीसमोर एकटी गुदमरत होते, आणि तुम्ही दोघं तिथेच होतात, श्वासाला एक आणि गुडघ्याला एक.

आई, सोमवारी तू कुठे बसणार ते नक्की सांग. हलू नकोस. बाबा, तुम्हीही बटणं हलवू नका. मी गादीकडे बघणारच नाही. मी थेट डिकीकडे बघून बोलेन.

तुमच्या लोभावर माझी नोकरी टिकली आहे, तो आटू देऊ नका.

तुमची
ठकू


दि. ९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा अंगठा पुन्हा दुखावलाय म्हणून मीच लिहितेय. कसा दुखावला ते सांगते.

सकाळी मी ठरल्याप्रमाणे डिकीत बसले. तुमची धून झाली, आणि मग, अगं ठकू, तू बोललीस! माझ्या मांडीजवळ बसून सांगावंस तशी. पाणी कुठे येणार नाही ते सांगितलंस, कुत्र्याचा रंग सांगितलास. मी आतूनच ओरडले की आली, आली, पूर्ण आली! पुढे ह्यांच्या वाट्याला नुसता स्स आणि त्त. मग गाडीचं दार वाजलं, आणि बघते तर हे डिकीपाशी उभे. जाड आवाजाचा माणूस, त्यांच्या नियमानं त्यांची जागा मागच्या सीटवर. पण मला सरक म्हणाले आणि आत शिरले. शिरताना काठीला पाय लागला आणि झाकण धाडकन खाली आलं. अंगठा तेव्हाच सापडला.

झाकण आतून उघडत नाही. किल्ली पुढे. अंधारात स्टेपनीच्या आजूबाजूला आम्ही दोघं गुडघे पोटाशी घेऊन, आणि तू आमच्या मधे, रस्ता कुठे खोदलाय ते सांगत होतीस. ह्यांनी अंगठा तोंडात धरला होता, तरी कण्हले नाहीत. मला वाटतं रडत होते, पण तू बोलत होतीस त्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही.

तू नमस्कार म्हणालीस आणि गाणं लागलं, तेव्हा आम्ही झाकण बडवायला सुरुवात केली. समोरच्या शिवणकामवाल्या बाई धावत आल्या आणि त्यांनी पुढची किल्ली काढून उघडलं. आम्हाला तसं बघून त्या घाबरल्याच. इतका वेळ आत कोंडलेले होतात तर आधीच हाक का मारली नाही असं त्या रागावून विचारायला लागल्या. मी त्यांना सांगितलं, मुलगी बोलत होती, मधे कसं बोलणार?

उद्याही आठला आम्ही तिथेच असू. तुझी माया असू दे आणि आवाज असाच येऊ दे.

तुझी
आई